नाळ कुणी कापली? : ख्रिस्ती श्रद्धेतलं ‘देहधारण’ समजून घेताना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

इस्लापूरहून बोलतेय. थंडी पडलीय, शिवारात कापसाची वेचणी चालू आहे आणि सहस्रकुंडाचा धबधबा आता पावसाळ्यासारखा गर्जत नाही. म्हणजे शांतपणे बोलायला वेळ बरी आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, “ताई, नाताळ आला की माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, देव माणूस झाला. मग आमच्यात राम झाले, कृष्ण झाले, तेही तेच की! सरळ अवतार म्हणा ना. हे देहधारण-देहधारण काय लावलंय?”

प्रश्न एकदम रास्त आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलेय, पण मलाही याचं उत्तर बरीच वर्षं नीट देता येत नव्हतं. ते मला सापडलं माझ्या आजीच्या एका प्रश्नामुळं. म्हणून आधी आजीची गोष्ट सांगते, मग मुद्द्याकडं येते.

आजीचा प्रश्न

आजी सुईण होती. इस्लापूरच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर तिनं किती बाळंतपणं केली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. रात्री-बेरात्री कुणीतरी कंदील घेऊन यायचं, “मावशे, चल लवकर” म्हणायचं, की आजी पदर खोचून निघायची. बाळ झेलायचं, नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. पाचवीपर्यंत त्या घरात तिचाच शब्द चालायचा.

त्याच घरी ती दोन-तीन महिन्यांनी गेली, तर ओट्याच्या खाली बसायची. चहा वेगळ्या कपात यायचा. तो कप तिनंच धुवायचा आणि कोनाड्यात पालथा ठेवायचा. ज्या लेकराला जगातला पहिला हात तिचा लागला, त्या लेकराला आता तिचा हात चालत नव्हता. जात कुठली असेल ते तुम्ही ओळखलं असेल. घर ख्रिस्ती झालं म्हणून गावानं कप बदलला नव्हता.

मी दहावीत असतानाची गोष्ट. नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही पोरांनी प्रार्थनेच्या खोलीत गोठ्याचा देखावा मांडला होता. मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन मागी, एक बैल, एक गाढव, गव्हाणीत बाळ. आजी काठी टेकत आली, चष्मा सावरला, एकेक चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, “समदे हायत. सुईण कुठंय? लेकराची नाळ कुणी कापली?”

सगळे हसले. एक वडीलधारे म्हणाले, “अहो आजी, देवाच्या लेकराला कशाची आलीय नाळ!” परत हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजीला कोपर मारलं, “गप बस ना गं.” ती गप बसली. परत कधीही तिनं तो प्रश्न काढला नाही.

पुढं नांदेडला कॉलेजात असताना मी मंडळीच्या इतिहासावर वाचायला लागले. तेव्हा कळलं, आजीचा प्रश्न अठराशे वर्षं जुना आहे. आणि “देवाच्या लेकराला कशाची नाळ” हे उत्तर मंडळीनं तेव्हाच चूक ठरवलं होतं. हे सांगायला मी घरी आले, तेव्हा आजी राहिली नव्हती.

आधी साधी व्याख्या

देहधारण म्हणजे देवानं देह घेणं. ख्रिस्ती श्रद्धा असं मानते की देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तो आहे. त्यातला पुत्र, जो कायमचाच देव आहे, तो एका ठरावीक काळी, एका ठरावीक गावी, मरिया नावाच्या मुलीच्या पोटी माणूस म्हणून जन्मला. तोच नासरेथचा येशू.

इथं तीन गैरसमज हमखास होतात. पहिला: येशू चांगला माणूस होता, म्हणून त्याला पुढं देवपण मिळालं. नाही. दिशा उलटी आहे. इथं वरचा खाली आलाय. दुसरा: देवानं माणसाचं सोंग घेतलं, नाटकात पात्र घेतं तसं. तेही नाही. तिसरा: तो निम्मा देव, निम्मा माणूस. तेही नाही. मंडळीचं म्हणणं आहे की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी.

“ताई, हे गणितात बसत नाही.” बसत नाहीच. म्हणून तर चारशे वर्षं भांडणं झाली. त्यावर येतेच.

शब्द, मांस आणि पाल

या श्रद्धेचा पाया योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. मूळ पुस्तक ग्रीक भाषेत आहे. त्यातले तीन शब्द कळले तर अर्धं काम झालं.

पहिला ‘लोगोस’. मराठीत आपण त्याला ‘शब्द’ म्हणतो. ग्रीक लोकांसाठी लोगोस म्हणजे नुसता उच्चारलेला शब्द नव्हे; ज्याच्यामुळं जग नीट लागलंय, चाललंय, ती बुद्धी, तो विचार. ज्यू वाचकाला त्यात देवाचा सृष्टी घडवणारा शब्द ऐकू यायचा.

दुसरा ‘सार्क्स’. हा लोगोस काय झाला, ते सांगताना योहान ‘शरीर’ असा सभ्य शब्द वापरत नाही. तो सार्क्स म्हणतो. सार्क्स म्हणजे मांस. जे दुखतं, जे थकतं, जे सडतं. मराठी बायबलात ‘देह’ वाचताना तो धक्का थोडा कमी होतो.

तिसरा शब्द मला सगळ्यात आवडतो. पुढं योहान सांगतो की तो आपल्यात राहिला. या ‘राहिला’साठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच्या मुळाशी तंबू आहे. म्हणजे अक्षरशः, त्यानं आपल्या मधोमध तंबू ठोकला. ज्यू वाचकाला यातून जुना करार आठवणार: इस्राएल लोक रानात भटकत होते तेव्हा देवाचं स्थान एका तंबूत होतं.

आपल्याकडं याला नेमका शब्द आहे, पाल. पाल ठोकणं कुणाला सांगायला नको. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोप्या पाहिल्यात ना? फडाच्या कडेला, चिपाडाच्या, वरून प्लास्टिक टाकलेल्या. थंडी आत येते, धूर आत कोंडतो. बंगल्यात उतरून मजुरांना ‘भेट द्यायला’ येणारा माणूस वेगळा आणि शेजारी पाल ठोकून राहणारा वेगळा. योहानाला दुसरा म्हणायचाय.

‘देवाच्या लेकराला कशाची नाळ?’

आता आजीचा प्रश्न.

येशूनंतर शंभरेक वर्षांत काही लोक म्हणायला लागले की येशूचा देह खरा नव्हता, फक्त तसा भासला. ग्रीकमध्ये ‘भासणं’ या अर्थाचं क्रियापद आहे, त्यावरून या मताला डोसेटिझम म्हणतात. आपण ‘भासवाद’ म्हणू. या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटायचं, देव इतका पवित्र. तो रक्तामांसात, शेणामुतात कसा येईल? त्याला भूक कशी लागेल? तो मरेल कसा?

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक मोठा शिक्षक होता. त्याच्या मते ख्रिस्त एकदम प्रौढ रूपातच प्रकटला. जन्म नाही, बाळपण नाही. त्याला उत्तर दिलं कार्थेजच्या टर्टुलियननं. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियात. इसवी सन २०० नंतर थोड्याच वर्षांत त्यानं ‘ख्रिस्ताच्या देहाविषयी’ असं एक पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात तो मार्सियनला टोमणे मारत विचारतो त्याचा मतितार्थ असा: तुला बाळंतपणाची किळस येते का? गर्भाची, रक्ताची, बाळाला पुसून घ्यायची? अरे, तूही तसाच जन्मलास. ज्याची तुला किळस येते त्याच माणसावर ख्रिस्तानं प्रेम केलं, आणि माणसावर प्रेम म्हणजे त्याच्या जन्मासकट प्रेम.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. आमच्या देखाव्यासमोर हसणारे वडीलधारे नकळत मार्सियनच्या बाजूनं बोलले होते. आणि काठी टेकत उभी असलेली अडाणी बाई टर्टुलियनच्या बाजूला होती.

आणि सुईण? बायबलात तिचा उल्लेख नाही. लूक एवढंच सांगतो की मरियेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. म्हणजे सगळं तिनंच केलं असावं. पण दुसऱ्या शतकात लिहिलेलं, बायबलात न घेतलेलं एक पुस्तक आहे, ‘याकोबाचं आद्य शुभवर्तमान’ असं त्याला म्हणता येईल. त्यात योसेफ सुईण शोधायला जातो आणि एक बाई भेटते. ती येते तेव्हा गुहेत मोठा प्रकाश असतो, तो ओसरतो आणि बाळ दिसतं. नाळेचं त्यातही काही नाही. मग सलोमी नावाची दुसरी बाई येते. तिचा विश्वास बसत नाही, ती तपासायला हात पुढं करते आणि तिचा हात लुळा पडतो. देवदूत सांगतो, बाळाला उचल. ती उचलते आणि हात बरा होतो.

ही गोष्ट श्रद्धेचा भाग म्हणून सांगत नाहीये. पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या जन्मचित्रांत आजही खाली एका कोपऱ्यात दोन बायका बाळाला आंघोळ घालताना दाखवतात. आजीला ते चित्र मोबाईलवर दाखवता आलं असतं, तर!

सोयर देवालाही होतं

अजून एक गोष्ट लूकमधली. बाळाची आठव्या दिवशी सुंता होते आणि नाव ठेवलं जातं. पुढं आईच्या शुद्धीचे दिवस भरल्यावर मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात. ज्यूंच्या नियमात मुलगा झाला तर ते दिवस चाळीस होते. आपला सव्वा महिना! अर्पण म्हणून एक कोकरू आणि एक पक्षी द्यायचा, आणि ऐपत नसेल तर दोन पक्षी चालायचे. लूक फक्त पक्ष्यांच्या जोडीचं बोलतो. म्हणजे घर गरिबाचं.

आता विचार करा. आपल्याकडं देवाजवळ जायचं तर विटाळ नको, सोयर नको, सुतक नको. आणि इथं देवच सोयर असलेल्या खोलीत, बाळंतिणीच्या कुशीत पडलाय. ज्याला शिवायचं नाही असं आपण ठरवलं, तिथूनच त्यानं सुरुवात केली. पुढं मोठेपणी तो कुष्ठरोग्याला हात लावतो, रक्तस्राव असलेल्या बाईनं वस्त्राला हात लावला तर रागवत नाही, मेलेल्या मुलीचा हात धरतो. त्या काळात या तिन्ही स्पर्शांनी माणूस अशुद्ध व्हायचा. ही सुटी-सुटी दयेची कामं नाहीत. गव्हाणीत जे सुरू झालं तेच पुढं चाललंय.

३२५ आणि ४५१

हे सगळं मान्य केलं तरी प्रश्न उरतोच: मग तो देव किती आणि माणूस किती?

अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या पाळकानं म्हटलं, पुत्र श्रेष्ठ खरा, पण देवानं घडवलेला. पित्याच्या बरोबरीचा नाही. यावर इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथं मोठी परिषद झाली. ते गाव आज तुर्कस्तानात आहे, इझनिक नावाचं. परिषदेनं ठरवलं, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. पुढं अपोलिनारिस म्हणाला, देह माणसाचा पण आतलं मन देवाचं. त्याला चौथ्या शतकातल्या ग्रेगरी नाझियान्झेननं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर: मलम जिथं लागतं तिथलीच जखम भरते. देवानं माणसाचं मन घेतलंच नसेल, तर आपलं मन तसंच आजारी राहिलं. म्हणून भीती, चिंता, रडू, हे सगळं येशूचं खरं होतं. गेथशेमाने बागेत मरणाच्या आदल्या रात्री तो घाबरला, ते नाटक नव्हतं.

४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेनं भाषा पक्की केली: एकच व्यक्ती, दोन स्वभाव, देवाचा आणि माणसाचा. ते एकमेकांत विरघळत नाहीत आणि एकमेकांपासून तुटतही नाहीत. दुधात पाणी मिसळलं तर ना धड दूध ना धड पाणी, तसं नाही. जुने शिक्षक लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाचा दाखला द्यायचे: लालबुंद झालं तरी लोखंड लोखंडच, आणि आग आगच, पण हात लावाल तिथं दोन्ही. केरळमधल्या जुन्या ऑर्थोडॉक्स सीरियन मंडळ्यांना खाल्सेदोनची ही भाषा मान्य नाही. त्या ‘एकवटलेला एक स्वभाव’ म्हणतात. पण तो खराखुरा देव आणि खराखुरा माणूस आहे, हे त्याही मानतात.

मग अवतार म्हणायला काय हरकत?

आता व्हॉइस मेसेजवाल्या दादाकडं येते.

ख्रिस्ती लोक बऱ्याचदा घाईनं सांगतात, “अवतार म्हणजे नुसतं रूप, आमचं खरं.” मला हे पटत नाही. आपण राहतो कुठं ते बघा. इथून किनवट, त्याच्या पुढं माहूर. दत्ताचं, रेणुकेचं माहूर. तिथंच देवदेवेश्वराचं मंदिर आहे, महानुभाव पंथाचं मोठं स्थान. महानुभाव पाच कृष्ण मानतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. परमेश्वर जीवांना सोडवायला कृपेनं माणसाचा देह घेतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान सातशे वर्षांहून जुनं आहे, आणि आपल्याच मराठीत लिहिलेलं. लीळाचरित्रातले चक्रधरस्वामी चालतात, जेवतात, चेष्टा करतात, जातिभेद मोडतात. याला ‘नुसतं रूप’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याचं न ऐकताच उत्तर देणं.

तरी फरक आहे, आणि तो मला तीन ठिकाणी दिसतो.

पहिला, कितीदा. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत युगायुगांत येण्याची ग्वाही देतात. ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच झालं. पिलात नावाचा रोमन सुभेदार यहूदियावर होता तेव्हा, म्हणजे इसवी सन २६ ते ३६ मध्ये, येशूला वधस्तंभावर दिलं. त्यामुळं सगळी भिस्त एका माणसाच्या एका आयुष्यावर आहे. ती गोष्ट घडलीच नसेल, तर ही श्रद्धा कोसळते.

दुसरा, देह कसला. रामानुजांच्या वैष्णव परंपरेत अवताराचा देह खरा आहे, पण आपल्यासारख्या मातीचा नाही, दिव्य आहे. ख्रिस्ती लोक म्हणतात, तो देह तुमच्या-आमच्यासारखाच. कापलं तर रक्त येणारा, नाळ असलेला.

तिसरा, पुढं देहाचं काय झालं. बरेच अवतार काम झालं की निजधामाला जातात. महानुभाव मात्र दत्तात्रेयप्रभूंचा अवतार चारही युगांत असल्याचं मानतात, म्हणून सरसकट बोलता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, येशू मेला, उठला आणि देहासकट उठला. शिष्यांसमोर त्यानं भाजलेला मासा खाल्ला, थोमाला हातांच्या जखमा दाखवल्या. तो देह त्यानं पुन्हा सोडलाच नाही. म्हणजे आज देवाच्या ठिकाणी एक माणूस आहे, आणि त्याच्या हातांवर वण आहेत.

मराठी ख्रिस्ती लोकांनी हा शब्दांचा गुंता चारशे वर्षं हाताळलाय. इंग्लंडचा जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्या भागात देवळं पाडली गेली होती, नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं बंद झाली होती. लोकांनी विचारलं, आता आम्ही वाचायचं काय? त्यानं मराठीत जवळपास ११ हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. देह घेतलेल्या देवाची गोष्टही लोकांच्या भाषेचा देह घेऊन आली, असं मला वाटतं. जरी ती आली तो काळ जबरदस्तीचा होता.

पुढं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूला गुरू आणि माउली म्हणत अभंग लिहिले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेऊन पुरं केलं. पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला बसून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवलं, आणि जुन्या धर्मग्रंथांच्या अर्थानं भारलेले शब्द जमेल तिथं टाळले. मद्रासच्या व्ही. चक्कराय यांनी तर ‘अवतार येशू’ अशाच अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं. म्हणजे अवतार म्हणणारेही ख्रिस्ती आहेत, टाळणारेही. मी स्वतः देहधारण म्हणते, कारण त्यात ‘देह’ ऐकू येतो. अवतार शब्दात ‘उतरणं’ ऐकू येतं. दोन्ही हवंय, पण आजीचा प्रश्न देहाचा होता.

ज्यांना हे पटत नाही

माझी शाळेतली मैत्रीण मुसलमान. ती म्हणते, “ईसा आम्हाला पैगंबर म्हणून प्यारे आहेत, पण अल्लाह कुणाच्या पोटी जन्मत नाही.” कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे. तिथं ती एकटीच खजुराच्या झाडाखाली बाळंत होते आणि तिला झाड हलवून खजूर खायला सांगितलं जातं. बाळंतिणीच्या खाण्याची काळजी, केवढी सुंदर गोष्ट! पण देवानं माणूस होणं त्यांना देवाचा मोठेपणा घटवणारं वाटतं. ज्यू लोकांनाही तसंच वाटतं. हा मतभेद खरा आहे, गोड बोलून तो मिटत नाही. ख्रिस्ती उत्तर एवढंच: लहान होता येणं हाही मोठेपणाच आहे. मैत्रिणीला हे उत्तर पटत नाही. आम्ही डबा एकत्रच खायचो.

मग फरक काय पडतो?

देवानं मांस घेतलं असेल, तर कुठल्याच देहाला हलकं म्हणता येत नाही. प्रार्थना म्हणजे देह विसरून वर जाणं, आणि खाली भूक, मजुरी, आजारपण हे कमी दर्जाचं, असं मानता येत नाही. आणि कुणाचा स्पर्श बाटवतो असं तर अजिबातच नाही.

पण सरळ बोलते. ख्रिस्ती मंडळ्यांनी हे पाळलं का? सगळीकडं नाही. भारतात कित्येक ठिकाणी चर्चमध्येही बसायच्या जागा वेगळ्या राहिल्या, दफनभूमी वेगळ्या राहिल्या, लग्नं तर अजूनही जात बघून जमतात. देव सुईणीच्या हातात आला असं शिकवायचं आणि सुईणीच्या प्रश्नावर हसायचं, हे आमच्याच खोलीत झालं. त्या हसणाऱ्यांत मी होते.

आजी गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला मी होते. तिचे हात मी धुतले. नखांच्या कडा काळ्या पडलेल्या, बोटं वाकलेली. या हातांनी अर्ध्या पंचक्रोशीला जगात आणलं, आणि हे हात धरायला त्यातलं फारसं कुणी आलं नव्हतं. तेव्हा मला देहधारणाची व्याख्या आठवली नाही. एवढंच वाटलं, देवाला खरंच नाळ असेल, तर असल्याच एखाद्या हातानं कापली असेल. मरियेचा स्वतःचा असेल, नाहीतर कुणा शेजारणीचा.

या वर्षी देखाव्यात मी मातीची एक बाई करून ठेवलीय. पदर खोचलेली, शेजारी पाण्याचं घमेलं. पाळकसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ही बायबलात नाहीये.” मी म्हटलं, “साहेब, बैल आणि गाढव तरी कुठंयत? मागी तीन होते, असं तरी कुठं लिहिलंय?” ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनीच घमेलं उचलून बाळाच्या जरा जवळ सरकवलं.

तर दादा, हे माझं उत्तर. पटलं तरी कळवा, नाही पटलं तरी कळवा. व्हॉइस मेसेज दोन मिनिटांच्या आत ठेवा, नेटवर्क आमच्याकडं अजून तसंच आहे. तुमच्या घरात, गावात कुणी सुईण होत्या का? त्यांची आठवण पाठवा. पुढच्या भागात त्याच वाचून दाखवीन.

चला, भेटू. काळजी घ्या.